पिराजी सापडत नाही

भूकंपानंतर लातूर जिल्ह्यात आधी पत्र्याची शेडं उभी राहिली, मग क्लासेस. शेषेराव आणि व्यंकटराव या भागीदारांचा क्लास तर शेडमध्येच उभा राहिला. शेषेराव पोरांना फिजिक्स शिकवायचे, व्यंकटराव पालकांना शिकवायचे. पालक लवकर शिकायचे.

प्रश्न इंग्रजीत आणि स्पष्टीकरण मराठीत, ही शेषेरावांची पद्धत. स्पष्टीकरणात पिराजी असायचा. पिराजी तुळई ओढायचा, ते घर्षण. विहिरीतून बादली शेंदायचा, ती कप्पी. चाकूरच्या एसटीत उभा असायचा आणि ब्रेक लागला की पुढं जायचा, ते जडत्व. पोरांना तो विनोदी इसम वाटायचा. तो शेषेरावांचा बाप होता. भूकंपाच्या पहाटे त्यानं शेषेरावांना ढिगाऱ्यातून ओढून काढलं आणि बायकोला काढायला परत आत गेला. बापाचं नाव राहिलं तर या प्रश्नांतच राहील, असं शेषेरावांनी ठरवलं होतं आणि व्यंकटरावांना सांगितलंही होतं. व्यंकटरावांचे डोळे भरले होते. पालकांसमोरही भरायचे.

पुढं लातुरात डॉक्टर घडवण्याचा धंदा जोरात आला. शेडच्या जागी लिफ्टची इमारत झाली, आणि प्रश्नसंग्रह कम्प्युटरवर चढवायला बिलाल आला. बिलाल नांदेडचा, शेषेरावांचाच जुना विद्यार्थी, आता इंजिनिअर. लग्नाच्या पत्रिकेवर त्यानं शेषेरावांचं नाव काकांच्या वर छापलं होतं.

एके दिवशी तो लॅपटॉप घेऊन शेषेरावांच्या शेजारी बसला. आधीचा शोध आंधळा होता, म्हणाला. फक्त प्रश्नाच्या रकान्यात बघायचा. आता त्यानं शोधासाठीची एक तयार लायब्ररी बसवली होती. ही बिनपुस्तकांची लायब्ररी शेषेरावांनी आदरानं पाहिली. एक शब्द टाकायचा. प्रश्न, उत्तर, स्पष्टीकरण आणि लेखक, चारही रकाने एकदम धुंडाळले जाणार. शिवाय प्रत्येक रकान्याला वेगळं वजन.

"लेखकाच्या रकान्याला सगळ्यात जास्त वजन दिलंय सर," बिलाल म्हणाला. "तुमचं नाव टाकलं की तुमचेच प्रश्न वर."

शेषेरावांनी टाकलं. खरंच वर आले. मग बिलालनं विचारलं की सर, तुमच्या प्रश्नांत नेहमी येणारे तुमचे शब्द कोणते? पोरांना शोधायला बरं पडेल.

शेषेराव अर्धवट उत्तराला मार्क देत नसत आणि स्वतःही अर्धवट उत्तर देत नसत. त्यांनी दुपार घालवली. पिराजी सांगितला, त्याची तुळई, त्याची विहीर, चाकूरची एसटी, जळकोटचा बाजार, लंगडी म्हैस. आठवत आठवत हसले. बिलाल टाइप करत राहिला. चहा त्यानंच मागवला.

नांदेडच्या शाखेच्या उद्घाटनाला शेषेरावांना गाडीतून नेलं, मागच्या सीटवर. दारातच पालकांसाठी एक स्क्रीन ठेवला होता. शेषेरावांनी 'पिराजी' टाकलं. काहीही सापडलं नाही, असं स्क्रीननं नम्रपणे कळवलं. स्वतःचं नाव टाकलं. तेच. मग नुकताच एमबीए होऊन आलेला व्यंकटरावांचा मुलगा वीरभद्र, त्याचं नाव टाकलं, आणि सगळा संग्रह धो-धो खाली आला. त्यातल्या एका प्रश्नाचं स्पष्टीकरण त्यांनी उघडलं. 'एक व्यक्ती पडलेल्या घरातून तुळई ओढते.'

बिलाल मागं उभा होता.

"शब्द मी दिले, म्हणून सापडले ना रे सगळे?"

"हाव सर. व्यंकटराव सर म्हणले, संग्रह वीरभद्रच्या नावानं करायचाय, तुमची खूण राहायला नको. खुणा कुठून काढायच्या, त्यांनी विचारलं. मीच म्हणलो, सरांनाच विचारतो. सर कुणाला न्हाई म्हणत नाहीत."

"आणि वजन?"

"ते आता वीरभद्रला आहे सर."

आत व्यंकटराव भाषण करत होते. भूकंप, पत्र्याचं शेड, जिद्द. पुत्रानं एकट्यानं उभारलेला प्रश्नसंग्रह. बोलता बोलता त्यांनी रुमाल काढला.

बिलालनं लॅपटॉप उघडला. त्याची नजर शेषेरावांच्या चपलांवर होती. "सर, आजच काम बंद करून द्यायचंय. अजून एखादा शब्द राहिला का? मागून कुठं निघाला तर माझ्यावर येईल."

एक राहिला होता. शेडमधल्या पहिल्या वर्षी शेषेरावांना बापाचं नाव लिहवत नव्हतं. तेव्हाच्या स्पष्टीकरणांत त्यांनी नुसतं 'आबा' लिहिलं होतं. आबा तुळई ओढतात. आबा परत आत जातात, अंतर काढा.

विद्यार्थ्यानं प्रश्न विचारला होता, आणि उत्तर येत होतं. शेषेरावांनी चष्मा काढून पुसला.

"न्हाई," ते म्हणाले.

बिलालनं हुश्श केलं आणि लॅपटॉप मिटला.