घंटेसाठी सहा हात

दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, आमच्या ओतशाळेचे मिस्त्री. भट्टीच्या घरघरीत ओरडणं कुणाच्या कानापर्यंत पोचत नाही, म्हणून सगळा कारभार हातांवर. मिस्त्रीचे दोन्ही हात वर असेतो दोन्ही बाजूंच्या बादल्यांतून वितळलेल्या धातूचा रस ओतायचा; ज्या बाजूचा हात खाली आला, त्या बाजूची धार जागच्या जागी तोडायची.

त्या आठवड्यात प्रार्थनामंदिराची घंटा ओतायची होती. धार मध्येच तुटली तर आधीचा रस गोठतो, नंतरचा त्याला धरत नाही, आणि घंटा पहिल्याच टोल्याला तडकते. दाजींचा डावा खांदा तीन महिने धरला होता. हे फक्त मला ठाऊक.

"दाजी, या वेळी दुसऱ्याला उभं करा."

"करतो की. आणि मी काय भट्टीपाशी शेकत बसू?"

रविवारी उपदेशकांनी बायबलातल्या मोशेची कथा गाऊन सांगितली. टेकडीवर हात उंचावलेला मोशे. हात वर तोवर खाली लढणाऱ्यांची सरशी, हात ढळले की पीछेहाट. शेवटी अहरोन आणि हूर या सोबत्यांनी त्याला दगडावर बसवून दोन्हीकडून ते हात तोलून धरले. ध्रुपद म्हणता म्हणता मला दाजींचा खांदा आठवला. शेजारी कुरकुऱ्या बसलेला. हा आमचा साचेवाला. दहा वर्षं दाजींच्या जागेवर डोळा ठेवून असलेला.

"मोशेला निदान दगड मिळाला," तो पुटपुटला. "आपल्याकडे साधं स्टूल नाही."

ओतकाम सुरू झालं. दोन केशरी धारा साच्यात उतरू लागल्या. निम्मा साचा भरला आणि दाजींचा डावा हात बोटभर खाली आला. डाव्या बादलीवर त्यांचीच मुलगी होती, बापाच्या हातावर नजर खिळवून. हात पडला असता तर तिनं धार तोडलीच असती, शिकवणच तशी. मी धावलो आणि दाजींचं कोपर खालून उचलून धरलं.

"सोड! लोक बघतायत."

"बघू देत."

आता उजवाही डगमगू लागला. तेवढ्यात मागून एक रिकामी पेटी घासत आली आणि तो हात कुणीतरी वर धरला. कुरकुऱ्या!

"बसा आता, मोशेबाबा," तो दाजींच्या कानात ओरडला. "पडायचं तर उद्या पडा."

दाजी बसले. हात वरच राहिले.

इतकी वर्षं मी समुद्र दुभंगणाऱ्या मोशेपुढे माथा टेकत आलो. त्या धगीत माझ्या अंगावर काटा आला तो पेटीवर बसलेल्या माणसाकडे बघून. देवानं ज्याच्या हाती माणसं सोपवली, त्यालाही आपले हात माणसांच्या हाती द्यावे लागतात. रस साच्याच्या तोंडाशी आला, तेव्हाच आम्ही दाजींचे हात खाली घेतले.

चौथ्या दिवशी साचा फोडला. पहिला टोला मिस्त्रीचा, ही आमची रीत. दाजींनी हातोडा कुरकुऱ्यापुढे धरला.

"मी? म्हणजे तडकली तर माझ्या नावावर?"

"तिघांच्या."

त्यानं टोला दिला. नाद पत्र्यांतून, फरशीतून, आमच्या छातीतून फिरला आणि विरता विरेना. भाचीनं डोक्यावरची टोपी काढली, मग आम्हीही. कुरकुऱ्यानं हातोडा बाजूला ठेवला आणि तीच रिकामी पेटी ओढून दाजींच्या मागे सरकवली.