आइकचा रस्ता

माझ्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या लिंडेलला ठाऊक आहे. अध्यक्ष आयसेनहॉवरांना मी शिव्या घातल्या त्या आमच्या खाणावळीच्या गल्ल्यावर बसून, गिऱ्हाइकांच्या देखत. माझा नवरा ऑरिन मात्र त्यांच्याविरुद्ध ब्र काढायचा नाही. युद्धात तो त्यांच्या फौजेत होता ना! मी 'आइक' म्हणायची, तो 'साहेब'.

आइक म्हणजे शेजारच्या ॲबिलीनचा पोरगा. बाप लोण्याच्या कारखान्यात कामाला, घरात पोरांचं लेंढार. तो सेनापती झाला, हिटलरला लोळवून आला आणि बावन्न साली अध्यक्ष झाला. आमच्या कॅन्सास राज्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. ऑरिनने त्या दिवशी येईल त्याला दालचिनीचे रोल फुकट वाटले, आणि ते लाटता लाटता माझे हात मोडले.

मग हमरस्त्यांचा कायदा आला. जर्मनीत पाहिले तसले रुंद, सरळ रस्ते आइकला आपल्या देशातही हवे होते. आमच्या गावात सगळे निर्धास्त. आपला माणूस, मग रस्ता आपल्या दारातूनच जाणार! ऑरिनने तर खाणावळीची एक भिंत पाडून जागा वाढवली. रस्ता आला तो दोन मैल उत्तरेकडून. ट्रकवाले तिकडून जायला लागले आणि आम्ही माशा मारत बसलो.

नव्या रस्त्यावरून गावाकडे उतरतात तिथे वेंडेल क्रूसचं शेत आहे. खाणावळ इकडे हलवा, जागा देतो, असं तो बिचारा दरसाल म्हणायचा. यंदा मात्र त्याने बजावलं, या आठवड्यात काय ते सांगा, नाहीतर पेट्रोलपंपवाल्याला देतो. मी एका पायावर तयार होते. इथे राहिलो असतो तर दिवाळं निघाल्याशिवाय राहिलं नसतं. पण ऑरिन ढिम्म. बरं, साहेबांचं नाव निघालं की ताठ उभा राहणाऱ्या या माणसाने साहेबांच्या रस्त्यावर कधी गाडीचं चाक घातलं नाही. आणि मी, शिव्या देणारी, त्याच रस्त्याने सलायनाला बहिणीकडे मजेत जायची. असा आमचा संसार.

त्याच आठवड्यात आइक गेले. रेल्वेने ॲबिलीनला आणून तिथेच पुरणार होते. त्या सकाळी ऑरिन कोट घालून तयार झाला, आणि नेमकी खाणावळ भरली. दर्शनाला निघालेली माणसं, कितीतरी वर्षांनी आमच्या दारात गाड्या. आम्हाला उशीर झाला. बाहेर पाहिलं तर जुना रस्ता तुंबलेला.

"वरच्या, नव्या रस्त्याने चल," मी म्हटलं. "नाहीतर त्यांना माती दिल्यावर पोचशील."

 त्याने गाडी वर घेतली. 

ॲबिलीनला आम्ही लांब उभे होतो. पेटी दिसली, साध्या शिपायाला देतात तसली. ऑरिनने सलाम केला. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. मेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

परतताना तो आपणहून वरच्या रस्त्याला लागला. आमच्या उताराच्या अलीकडे त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"दोन मैल खाली आणला असता तर काय बिघडलं असतं गं त्याचं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हे ऐकायला मी किती टपले होते! पण तोंडातून निघालं भलतंच.

"अरे, आपण इथे आहोत हे त्याला काय ठाऊक?"

"तेच तर," ऑरिन म्हणाला. "मला वाटायचं, ठाऊक आहे."

त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याच्या हातावर हात ठेवला. शेजारून ट्रकमागून ट्रक जात होते, प्रत्येक धक्क्याने आमची गाडी हलत होती. मग त्याने नाक पुसलं आणि विचारलं, वेंडेल आत्ता घरी असेल का.