पाठीला बांधायचे दुपटे

मित्रांनो, मी एक जुने दुपटे आहे. दुपटे म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे बाळाला गुंडाळायचे मऊ फडके आले असेल, पण मी त्यातले नव्हे. मी जाडजूड आहे, माझ्या पोटात कापूस आहे आणि वरच्या काठाला दोन लांबलचक बंद आहेत. मूल पाठीवर घ्यायचे, मला त्याच्यावरून ओढायचे आणि बंद पुढे आणून घट्ट गाठ मारायची, एवढ्यासाठीच माझा जन्म. गेली कित्येक वर्षे मात्र मी अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका शेतावरच्या घरात कुणालाही न बांधता पडून आहे.

मला शिवले कोरियात, बोकसून नावाच्या बाईने, आपल्या लग्नातली रजई कापून. तिला स्वतःचे मूल झाले नाही. आईबाप नसलेली तान्ही मुले ती सांभाळायला घेई, आणि परदेशात त्यांना कुणी आईबाप मिळाले की डोळे पुसत विमानतळावर पोचवून येई. मूल जाई, मी राही. पुढच्या मुलासाठी मी लागतच असे. कोळशाचा धूर, तिळाचे तेल, लसूण आणि बोकसूनचा घाम या सगळ्यांत मी लोणच्यासारखे मुरले होते. त्या वासाचा मला गर्व होता, खोटे कशाला बोलू?

मग उनजू आली. नाळ नुकतीच पडलेली पोर, ती माझ्यातच वाढली. चालायला, पळायला लागली तरी तिचा मुक्काम पाठीवरच. बोकसून तिच्याकडे पाठ करून उकिडवी बसायची आणि म्हणायची, "ये गं चिमणे, पाठकुळी!" की उनजू असेल तिथून धावत येऊन पाठीला चिकटायची. भूक लागो, झोप येवो, कुत्र्याची भीती वाटो, सगळ्यावर औषध एकच. बोकसूनच्या चेहऱ्यापेक्षा तिची मानच पोरीला जास्त ओळखीची होती.

मग उनजूलाही अमेरिकेत आईबाप मिळाले. निघायच्या दिवशी बोकसूनने मला घडी करून मुलांना नेणाऱ्या बाईच्या हाती दिले. म्हणाली, "माझे गुडघे गेले. आता पुढचं मूल नाही घेणार मी. हे हिच्याबरोबरच राहू दे. आणि त्या आईला एवढं सांगा बरं का, आधी पाठीवर घ्या, मग पोटाशी."

"सांगते, सांगते," ती बाई म्हणाली. तिच्यावर अशा कितीतरी मुलांचा भार, त्यात एकाला उलट्या. बोकसूनचा निरोप वाटेत कुठेतरी सांडला. तो कुणापर्यंत पोचला नाही.

इकडे विमानतळावर फुगे घेतलेली माणसे उभी होती. त्यांत मार्लिस होती, आमची नवी आई. तिच्या शेजारी कॅमेरा सरसावून तिचा नवरा ड्युएन, आणि मागे हातात पर्स धरून ड्युएनची आई अर्डिस. मार्लिसने कितीतरी वर्षे मुलाची वाट पाहिली होती. उनजूला तिच्यापुढे उभे केले. मी उनजूच्या खांद्यावरून जमिनीवर लोंबत होते. मार्लिस गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, "ये माझ्या राणी, ये!"

उनजूने तिच्याकडे पाहिले. पसरलेले हात तिला कळेनात. पण बसलेली बाई तिला कळली. ती तुरुतुरु चालत मार्लिसच्या मागे गेली आणि तिच्या पाठीला गाल लावून उभी राहिली. मला ओढत वर घेतले, तिला जमेल तेवढे.

मित्रांनो, तेव्हा मला तोंड असते तर मी ओरडले असते, बाई, हलू नकोस!

मार्लिस वळली. उनजू पुन्हा मागे गेली. मार्लिस पुन्हा वळली. असे कितीदा तरी झाले. "अरे वा, लपंडाव खेळतेय!" कुणीतरी म्हणाले आणि लोक हसले. ड्युएनने फोटो काढले. शेवटी मार्लिसने तिला धरून समोर वळवले आणि छातीशी कवटाळले. उनजूने पाठीची कमान केली, हातपाय झाडले आणि जी किंचाळली, की हसणारे गप्प झाले.

गाडीत मार्लिस म्हणाली, "तिला माझं तोंडसुद्धा बघायचं नाही, ड्युएन."

"दमलीय गं ती. एवढा प्रवास."

"नव्या गोठ्यात वासरूसुद्धा चार दिवस हंबरतं," अर्डिस मागून म्हणाली. "रुळेल. ते चिरगूट आधी गरम पाण्यात घाल पण. काय उग्र वास मारतोय! उवा-बिवा असतील."

घरी पोचताच मला तळघरातल्या यंत्रात घातले, वर कपडे पांढरे करायचे औषध ओतले. त्यांच्या लेखी तीच माया. स्वच्छ कपडा, स्वच्छ पलंग, स्वतंत्र खोली, लेकराला यातले काही कमी पडू द्यायचे नाही. मी बाहेर आले ते कोरे करकरीत. मार्लिसने हौसेने मला उनजूच्या अंगावर पांघरले. उनजूने मला नाकाशी नेले, मग दूर धरून पाहिले, मग पुन्हा नाकाशी नेले. आणि खाली टाकले.

त्यानंतर ती मागच्या दारापाशी आपल्या बुटांजवळ जाऊन बसू लागली. खोलीत एकटी ठेवली की रडे. रडू द्या, सवय होईल, असे डॉक्टरांनी सांगितलेच होते. सवय झाली. पोर रडायची थांबली, बोलायचीही थांबली. चर्चच्या तळघरात जेवणे होत तेव्हा बायका म्हणत, "किती गुणी गं! आवाजसुद्धा करत नाही. केवढं नशीब काढलं पोरीनं!" मार्लिस मान डोलावी. तिचे हसू डोळ्यांपर्यंत जात नसे. उनजूला आता त्यांनी 'जोडी' हे अमेरिकन नाव दिले होते.

मला मार्लिसने टाकले नाही, एवढे तिच्या बाजूने सांगायलाच हवे. "मोठी झाली की देईन," म्हणत तिने मला देवदाराच्या पेटीत ठेवले. वर झाकण पडले. झाकणाखाली दुसरे काय करणार? मी मायलेकींचे आवाज ऐकत राहिले. भांडण नाही, हसणे नाही, "जेवलीस?" "हो." एवढेच. मूल घरात होते आणि मार्लिस अजून वाटच पाहत होती.

पुढे गावच्या दवाखान्यात एक कोरियन डॉक्टर आला. त्याची बायको शिनबाई एकदा कॉफीला आली, तेव्हा मार्लिसने मला पेटीतून काढले. "जोडी आली तेव्हा तिच्या अंगावर ही रजई होती," ती म्हणाली.

शिनबाई तोंडावर हात धरून हसली. "रजई कसली? अहो, हे पाठीला मूल बांधायचं." सोफ्यावरची उशी पाठीवर घेऊन तिने मला गुंडाळून दाखवले. "मुलाकडे पाठ करून बसायचं, की ते आपण होऊन येतं."

मार्लिसच्या हातातला कप तसाच राहिला. "विमानतळावर ती सारखी माझ्या मागे जात होती. मला वाटलं, मी तिला नको आहे."

"नको कशाला?" शिनबाई हळू आवाजात म्हणाली. "घे म्हणत होती ती."

त्या दिवशी जोडी शाळेतून आली. आता ती आईपेक्षा उंच झाली होती. सकाळी दोघींचे काहीतरी बिनसले होते. मार्लिस स्वयंपाकघराच्या फरशीवर दाराकडे पाठ करून बसली होती, मला खांद्यावर घेऊन, हात मागे धरून. ती एवढेच म्हणाली, "ये."

जोडी दारातच थबकली. "हे काय आता? सकाळचा राग आहे ना? मग तोंडावर बोल की! पाठ कसली दाखवतेस मला?"

मार्लिस वळेपर्यंत जिना वाजला होता आणि वरचे दार आपटले होते.

नंतर तिने जोडीला सगळे सांगितले. जोडीने शांतपणे ऐकून घेतले. "मला त्यातलं काही आठवत नाही गं," एवढेच म्हणाली. ती खोटे बोलत नव्हती, म्हणून तर ते ऐकवेना.

आता मी मागच्या दाराशी, कोटांच्या खुंटीवर असते. मार्लिसनेच टांगले आहे. परवा घरात कुणी नसताना जोडीने मला खाली काढले. इकडे तिकडे पाहिले आणि मला नाकाशी नेले. दीर्घ श्वास घेतला, पुन्हा घेतला. माझ्यात साबण होता, देवदार होता. बोकसून नव्हती. काय दिले असते मी तेव्हा तिळाच्या तेलाच्या एका थेंबासाठी! तिने मला पुन्हा खुंटीवर अडकवले, बंद सारखे केले आणि कोट घालून बाहेर गेली.

म्हणून सांगते, मित्रांनो. परक्या मुलखातून एखादे लेकरू तुमच्या घरी आले, तर त्याच्या अंगावरचे मळके कापड धुवायची घाई करू नका. त्याचे सगळे घर त्या मळातच असते. आणि ते तुमच्या मागे जाऊन उभे राहिले, तर वळू नका. जरा खाली वाका.