छातीवरचा पत्रा

“जिने चढा, बाजारात जा, नातीला कडेवर घ्या. सगळं चालेल,” डॉक्टर म्हणाले. “वेल्डिंग मात्र बंद. त्या मशीनजवळ छातीतला पेसमेकर गोंधळू शकतो. तुमच्या मिसेसना आधीच सांगितलंय मी.”

वेल्डरने बायकोकडे पाहिलं. ती पिशवीत काहीतरी शोधू लागली.

महिन्यापूर्वी तो वर्कशॉपमध्ये कोसळला होता. वर्षभर चक्कर यायची, पण स्वारीचं एकच पालुपद, “उष्णतेने होतंय.” दवाखान्यात नाडी फारच मंद लागली. हृदयाला चालना द्यायला तात्पुरती तार घालून डॉक्टरांनी वेळ काढला होता. तो नीट शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. बायको थांबली नाही, पेसमेकर बसवायच्या कागदावर सही करून मोकळी झाली.

“मला विचारायचंस,” डॉक्टरांकडून परतताना रस्त्यात तो म्हणाला.

“तुम्ही नाही म्हणाला असता.”

“म्हणालोच असतो.”

“म्हणूनच नाही विचारलं.”

त्या दिवसापासून घरात अबोला आला. पूर्वी हा माणूस जेवताना गेटांच्या, जिन्यांच्या इतक्या गप्पा हाणायचा की ती म्हणायची, “आधी घास गिळा.” आता तो मुकाट्याने जेवून उठायचा. जिवावरचं बोटावर निभावलं, असं शेजारणी म्हणायच्या. तीही मान डोलवायची आणि आत जाऊन रडायची.

एका दुपारी ती बाजारातून परतली, तर वर्कशॉपमधून चरचर ऐकू आली. पिशवी तिथेच टाकून ती धावली आणि तिने मेन स्विच खाली ओढला.

तो अर्धवट राहिलेल्या गेटासमोर उकिडवा बसला होता, तोंडावर मुखवटा. अंगात चामड्याचे दोन एप्रन, एकावर एक, आणि मध्ये छातीएवढा लोखंडी पत्रा, सुतळीने आवळून बांधलेला.

“हे काय सोंग?”

“ठिणगी अडते ना याने? म्हटलं, डॉक्टर म्हणतात तेही अडेल.”

“अहो, ते असं अडत नाही!”

“ठाऊक आहे गं.”

तिला हसू आलं आणि त्याच दमात हुंदका फुटला. तिने पाठीमागच्या गाठी सोडल्या. पत्रा खणकन खाली पडला. तिने मुखवटा वर केला, तर त्याचे डोळे गळत होते.

“मला वाचवलंस,” तो म्हणाला. “आता सांग, मी उद्या उठून करू काय?”

उभ्या संसारात तिने त्याच्या एकाही प्रश्नाला उत्तर दिल्यावाचून सोडलं नव्हतं. आज फक्त भिजलेल्या शर्टावर, टाक्यांच्या खालच्या बाजूला, तिने हात ठेवला. आत ठोके अगदी नीट पडत होते.