मागच्या रांगेतला आवाज

माझ्या नणंदेने एकतीस वर्षं ऑर्केस्ट्रात डबल बेस वाजवला, आणि एवढ्या वर्षांत एकाही रेकॉर्डिंगमध्ये त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला नाही. डबल बेस म्हणजे माणसाहून उंच व्हायोलिन समजा. सगळ्यात मागच्या रांगेत उभं राहून वाजवायचं, आणि सूर इतका खालचा की साध्या रेडिओला तो झेपतच नाही. आमच्या घरात त्या वाद्याला कपाट म्हणतात. "ताई एकट्या येतायत की कपाटाला घेऊन?" हे मी आधीच विचारून घेते, कारण कपाट येणार असेल तर जेवणाचं टेबल भिंतीला सरकवावं लागतं.

गेल्या महिन्यात ताईंचा शेवटचा कार्यक्रम झाला. टाळ्या, फुलं, भाषण, सगळं यथासांग. भाषण करणाऱ्या गृहस्थांनी त्यांचा उल्लेख 'आमच्या ज्येष्ठ व्हायोलिनवादक' असा केला. हाताच्या इशाऱ्यावर ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या संचालकांनी मात्र नंतर त्यांना बाजूला घेऊन विचारलं, आणखी दोन वर्षं थांबता का? रविवारी संध्याकाळपर्यंत कळवते, असं सांगून ताई घरी आल्या, आणि शुक्रवारी त्यांनी आम्हाला फोन लावला.

"थांबून करू काय?" त्या म्हणाल्या. "कार्यक्रमाची सीडी दिलीय त्यांनी. तीनदा ऐकली. बासऱ्या ऐकू येतात, ढोल ऐकू येतो, पहिल्या रांगेतल्या कुणाचा तरी खोकलासुद्धा ऐकू येतो. मी नाही. मी नसले तर काय फरक पडतो, सांग ना."

"ताई, तुझ्या त्या डबड्यावर ऐकलंस ना?" यांनी विचारलं. हे गाडी चालवायला शिकवतात, त्यामुळे समोरच्याचं चुकतंय हे सांगण्याचा यांना दांडगा सराव आहे. "इकडे ये. हिने स्पीकर केलेत. त्यात तू श्वास घेतलेलाही ऐकू येईल."

"खरंच गं?" ताईंनी मला विचारलं. "बघ हं, रविवारी येते. त्यातही नाही आले ऐकू, तर संध्याकाळी मी नाही म्हणून कळवून टाकते."

"याच तुम्ही," मी म्हटलं. एवढा विश्वास मला माझ्या शिवणकामावरही नाही.

मी सोफे शिवते. जुने सांगाडे येतात, मी त्यांत नवा फोम, नवं कापड घालून देते. तीन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची आरामखुर्ची पोचवायला गेले, तर ते म्हणाले, "बसून दाखवा." बसले. त्यांनी समोरच्या दोन उंच स्पीकरवर कुणा बाईचं गाणं लावलं. ती बाई माझ्यापासून चार हातांवर उभी राहून गायली. मी उठून तिला बघायला गेले नाही, एवढंच. खुर्ची तिथे सोडून आले, पण डोक्यात ती बाई घेऊन आले.

तसले विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती, मग करायला घेतले. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली होती, तिची खोली रिकामी होती. पुस्तकं आणली, मासिकं आणली, समजेना ते तीनतीनदा वाचलं. अठरा एमएमचं प्लायवुड कापलं, आत आडवे टेके दिले, लोकरीचं जाड अस्तर लावलं. आवाज वाटून देणारं सर्किट असतं, जाड आवाज मोठ्या कोनाकडे, म्हणजे स्पीकरमधल्या कागदी शंकूकडे, बारीक आवाज छोट्याकडे. त्यातल्या तारेच्या गुंडाळ्या हाताने वळल्या. दोनशे वेढे. मध्ये फोन वाजला की मोजणी विसरायची आणि पुन्हा पहिल्यापासून. अँप्लिफायर तेवढा विकतचा. तो उचलताना यांच्या पाठीत उसण भरली, आणि तिचा उल्लेख घरात अजून होतो.

ताईंच्या फोनच्या तीन आठवडे आधी काम पुरं झालं होतं. आवाज असा, की डोळे मिटले तर गाणारा कुठे उभा आहे ते सांगता येत नाही. सगळी भिंतच गातेय असं वाटतं. येणारेजाणारे म्हणायचे, "वा, केवढा पसारा आहे आवाजाला!" मी मानेनेच मान्य करायची. खालचे सूर जरा कमी होते, पण मी वाचलं होतं की खरा भारी बेस अंगावर धावून येत नाही, संयमी असतो. माझा इतका संयमी होता की येतच नव्हता. तरी मी दर रविवारी खोकी उघडून आतली लोकर कमीजास्त करत बसायची. सोफा असो की स्पीकर, बिघाड भरणीत असतो ही माझी पक्की समजूत.

ताई रविवारी दुपारी आल्या. एकट्या. कपाट घरीच ठेवून.

"त्याला ऐकवायचं नाही आधीच," त्या म्हणाल्या. "वाईट वाटेल त्याला."

त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं. दोन्ही स्पीकरपासून बरोब्बर सारख्या अंतरावर, मी टेपने मोजून जमिनीवर खूण केलेली. हे दाराशी स्टुलावर बसले. सीडी घातली.

व्हायोलिनं भिंतभर पसरली. बासऱ्या आल्या. तो खोकला आला, अगदी घसा दिसेल इतका स्पष्ट. ताई मान पुढे काढून ऐकत होत्या. मीही ऐकत होते. खाली काही नव्हतं. गालिच्याखालची जमीन कुणी काढून नेली होती.

पहिला भाग संपला.

"छान केलेस गं स्पीकर," ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला समजूतदारपणा मला झेपेना. "खोकला तर फारच सुरेख."

"ताई..."

"नाही, खरंच. आता कळलं तरी. उगीच मनात राहिलं असतं." त्या पर्स शोधायला लागल्या.

"बस ना जरा," हे म्हणाले. "अजून दोन भाग आहेत. चहा टाकतो."

"तू टाकणार? मग जातेच."

तेवढ्यात दुसरा भाग आपोआप सुरू झाला. ताई उठल्या होत्या. दाराकडे जाताना त्यांनी उजव्या स्पीकरवर तळहात टेकला, ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर टेकावा तसा. आणि थबकल्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "हा थरथरतोय."

"स्पीकर थरथरतातच, ताई."

"मला शिकव तू. एकतीस वर्षं लाकडाला पोट लावून उभी आहे मी. ही मी आहे." त्यांनी डावीकडे जाऊन दुसऱ्यालाही हात लावला. "इथेही आहे. दोन्हीकडे आहे. मग तिथे खुर्चीत का नाही?"

मी दोन्ही खोक्यांना हात लावून पाहिलं. खरंच होतं. दोघंही मनापासून काम करत होते आणि खुर्चीपर्यंत काही पोचत नव्हतं. काय करावं सुचेना, म्हणून मी उजव्या स्पीकरची तार काढून टाकली. म्हटलं, एकेकाची चौकशी करू.

आणि खोलीत बेस आला. एकाच स्पीकरमधून, जाड, गरम, जमिनीवरून चालत.

"हे काय?" हे दारातून म्हणाले. "अर्धं बंद केल्यावर वाढलं?"

"दोघं असताना कुणीच बोलत नाही, एक गेला की दुसऱ्याला कंठ फुटतो," ताई म्हणाल्या. "माझ्या ओळखीत अशी जोडपी आहेत."

पण माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. मी सीडी थांबवली, भिंतीवरचं घड्याळ काढलं, त्यातला सेल काढला, आणि दोन तारा धरून तो डाव्या स्पीकरला क्षणभर टेकवला. टक् आवाज झाला आणि मोठा कोन पुढे आला. तसाच उजव्याला टेकवला. टक्. कोन आत गेला.

मी तिथेच जमिनीवर बसले.

"काय झालं? फुटला?" हे घाबरले.

"उलटा जोडलाय. हा हवा पुढे ढकलतो तेव्हा तो मागे ओढतो. खालचे सूर एकमेकांत जिरून जातात. तीन आठवडे!"

"पण उलटा जोडलास कसा? लाल तार, काळी तार, लहान मूलही..."

कसा, ते मला कळून चुकलं होतं, आणि सांगायची लाज वाटत होती. सोफ्याच्या डाव्या हाताचं कव्हर उजव्याला बसत नाही. म्हणून डाव्याचा कागदी नमुना उलटा पालथा करायचा आणि त्यावरून उजवं कापायचं. वीस वर्षं हेच करतेय. दुसरं खोकं करताना मी तसाच नकाशाचा कागद पालथा केला. लाकूड बरोबर आलं, छिद्रं बरोबर आली, आणि तारासुद्धा मोठ्या निगुतीने पालथ्या जोडल्या गेल्या. मागच्या पट्टीवरचा, तार जोडायचा लाल खिळा मात्र बाजारातून आलेला, तो होता तिथेच राहिला आणि त्याला आतून काळी तार गेली. त्याला डावं-उजवं काय माहीत?

"म्हणजे तू विजेला अस्तन्या शिवल्यास," हे म्हणाले.

"चहा टाकणार होतात ना?"

हे हलले नाहीत. मी उजव्या स्पीकरच्या मागे वाकून दोन तारांची अदलाबदल करून त्या परत जोडल्या. अर्धं मिनिट लागलं. तीन आठवडे लोकर उपसली होती, त्याला अर्धं मिनिट.

"बसा, ताई."

"बसते. पण उगाच हं..."

सुरुवातीपासून लावलं. आता गाणारी भिंत गेली होती. समोर माणसं बसली होती, डावीकडे व्हायोलिनं, मध्ये बासऱ्या, आणि त्या सगळ्यांच्या मागे, किंचित उजवीकडे, कुणीतरी उभं होतं. तो सूर आधी कानाला कळतच नाही, खुर्चीच्या हातांतून कळतो. ताईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. यांचा उजवा पाय नकळत नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला. मग ताईंचं बोट मांडीवर चालायला लागलं, सुरावर सूर, आणि तेच खोलीत येत होतं. पहिला भाग गेला, दुसरा गेला.

तिसऱ्या भागात सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि क्षणभर शांतता असते. तिथे एकच खालचा सूर उमटला, आणि मग बाकीचे आले.

"थांबव!" ताई ओरडल्या. "मागे घे. आणखी. हां."

पुन्हा तेच. शांतता, एकटा सूर, बाकीचे.

"ऐकलंस?"

"सुंदर आहे ना. सगळ्यांच्या आधी एकटा..."

"सुंदर कसलं! चूक आहे ती! अर्धा ठोका आधी शिरलेय मी!" ताई लालबुंद झाल्या होत्या. "अख्खं सभागृह गप्प आणि मी एकटी वाजतेय! पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. सहा वेळा लावलं. दर वेळी त्या कपाळावर हात मारायच्या आणि दर वेळी त्यांचं तोंड आणखी फुलायचं.

"ताई, हसतेयस की रडतेयस?" यांनी विचारलं.

"गप रे. फोन दे माझा."

संचालकांनी लगेच उचलला. आम्हाला एकाच बाजूचं ऐकू येत होतं, पण तेवढं पुरेसं होतं.

"मी बोलतेय. तिसऱ्या भागात मी आधी शिरले, आणि तुम्ही बोलला नाहीत मला? ... ऐकलंत? तेव्हाच? ... म्हणजे, तुम्हाला येते मी ऐकू? ... रोज?" त्या खुर्चीत मागे टेकल्या. मग एकदम ताठ झाल्या. "एकतीस वर्षांत सहा वेळा चुकले? सहा कुठून आणलेत? चार! दोनदा तुमचाच हात आधी खाली आला होता! ... मुळीच नाही. ... बरं, मंगळवारी सरावाला येते, तेव्हा बघू कोण खरं ते. आणि ही जागा आपण आधी घ्यायची."

स्पीकरवर ऑर्केस्ट्रा पुढे चालला होता. त्यांना फोनवर नीट बोलता यावं म्हणून मी आवाज कमी करायला हात पुढे केला.

ताईंनी फोन तळहाताने झाकला. "कमी नको करूस," त्या मला दटावत म्हणाल्या. "ऐकू दे त्यांना."