फिरत्या दवाखान्याचा कटाउट

मित्रांनो, फिरत्या दवाखान्याच्या एका जुन्या मोटारीत, बॉनेटखाली स्क्रूने आवळलेली काळी डबी म्हणजे मी. मला कटाउट म्हणतात. माझ्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि दोन पॉइंट आहेत. इंजिन जोरात फिरलं की डायनॅमो वीज तयार करतो. तेव्हा वेटोळं पॉइंट ओढून चिकटवतं आणि वीज बॅटरीत जाते. इंजिन मंदावलं की पॉइंट सुटतात. ते सुटले नाहीत, तर बॅटरीतली वीज उलटी डायनॅमोकडे धावते आणि तारा तापून जळतात.

छपन्न-सत्तावन्न साली अमरावतीच्या कारखान्यात या मोटारीला दवाखान्याचं रूप मिळालं. आत पलंग, औषधांचं कपाट आणि छताला मोठा दिवा. डॉक्टर चारुशीलाबाई आणि ड्रायव्हर उत्तमराव तिला घेऊन अकोल्याहून निघत. बाळापूर, तेल्हारा, हिवरखेड अशी फेरी होई. गावोगावी त्या दिव्याचं मोठं कौतुक. मला मात्र उत्तमरावांखेरीज कुणी ओळखत नसे. तेच झाकण काढून माझ्यावरची धूळ फुंकत.

चार-पाच वर्षांत कच्च्या रस्त्यांनी माझी हाडं खिळखिळी केली. वेटोळं काळं पडलं. उत्तमरावांनी कचेरीत सांगितलं, "साहेब, कटाउट बदलून द्या. कधी दगा देईल, सांगता येत नाही."

"गाडी चालते ना? मग पुढल्या खेपेला पाहू," साहेब म्हणाले. अशा कितीतरी खेपा गेल्या.

मग वैशाखातला तो दिवस आला. हिवरखेडच्या वाटेवर एका खड्ड्यात मोटार आदळली आणि माझ्या वेटोळ्याची तार आतल्या आत तुटली. बॅटरी भरत नसल्याचा लाल दिवा पेटला, तो विझेचना. गावात पोचेपर्यंत दिवस कलला होता. मैनाबाई नावाची म्हातारी धावत आली.

"डाक्तरीणबाई, माह्या सुनेले वाचवा! लेकरू झालं, पण रगत थांबूनच नाही राहिलं!"

तिच्या सुनेला, सुभद्राला, खाटेवरून आणून मोटारीतल्या पलंगावर ठेवलं. डॉक्टरबाईंनी पाहिलं. आत मोठी जखम होती.

"अकोल्याला नेऊ?" उत्तमरावांनी विचारलं.

"वाटेतच जाईल ती. इथंच टाके घालायचे. मला उजेड द्या, उत्तमराव."

छताचा दिवा लागला, आणि पाहता पाहता पिवळा पडू लागला. कुणी कंदील धरला, पण त्याने आतली जखम दिसेना. उत्तमरावांनी इंजिन सुरू केलं, बॉनेट उचललं, माझं झाकण काढलं. तुटकी तार त्यांना दिसली. जोडायला वेळ नव्हता. पॉइंट हाताने दाबून धरायचे आणि इंजिनाचा वेग पडू द्यायचा नाही, एवढाच मार्ग उरला होता. त्याला दोन माणसं हवी होती, आणि सगळ्यात जवळ म्हातारीच उभी होती.

"मैनामाय, इकडे ये. इथं बस. या पट्टीवर पाय दाबून धर. आवाज खाली येऊ देऊ नको."

"मी? मी तं मोटारीत कदी बसली बी नाही रे बाप्पा!"

"आता बस. सून तुही आहे."

म्हातारीने ड्रायव्हरच्या जागी बसून वेगाची पट्टी पायाने दाबली. इंजिन गुरगुरलं. उत्तमरावांनी कडुनिंबाच्या वाळक्या काडीने माझे पॉइंट दाबले, आणि वीज माझ्यातून धावली. आत दिवा पांढरा झाला.

बाई टाके घालू लागल्या. पॉइंट तापले, काडी काळवंडू लागली. तोच सुभद्रा जिवाच्या आकांताने ओरडली. मैनाबाईंनी दचकून मागे पाहिलं आणि त्यांचा पाय उचलला गेला. इंजिन मंदावलं. वीज उलटी फिरली, माझ्यातून ठिणगी उडाली. उत्तमरावांनी काडी झटकन उचलली नसती तर सगळ्या तारा पेटल्या असत्या.

"उजेड!" आतून बाई ओरडल्या. "सुई दिसत नाही मला!"

"माय, पाय! मागं पाहू नको!"

"ते मरून राहिली ना रे!"

"तू पाय ठेवला तं वाचन ते!"

म्हातारीने डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा खाली दाबला. इंजिन पुन्हा गर्जलं. काडी पुन्हा माझ्यावर आली. मी अंगभर भाजत होतो, पण वीज जाऊ देत होतो. असा किती वेळ गेला, ते मला कळलं नाही.

शेवटी बाई बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत रक्ताने भरले होते. "थांबलं रक्त," त्या म्हणाल्या. उत्तमरावांनी आधी काडी उचलली, मग इंजिन बंद केलं. मैनाबाईंचा पाय मात्र पट्टीवरून निघेना. तो गावातल्या दोघी बायकांनी धरून सोडवावा लागला. तेव्हा कुठे त्या रडल्या.

सुभद्रा जगली. कचेरीने मला त्याच आठवड्यात बदललं. मी आता उत्तमरावांच्या फळीवर खिळ्यांच्या डब्याशेजारी असतो.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू झाकणाखाली असतात, कुरकुरत नाहीत, म्हणून त्या धडधाकट आहेत असं समजू नका. अधूनमधून झाकण उघडा, धूळ पुसा, सैल तार आवळा. आणि जो माणूस रोज आम्हाला हात लावतो, तो "बदला" म्हणाला, तर त्याचं त्याच दिवशी ऐका.