चार उलटे पत्रे

मी एक जुनी, पत्र्याची लष्करी बराक आहे. मित्रांनो, येत्या सोमवारी मला गॅसकटरने कापणार आहेत, म्हणून आज मी रागावूनच बोलणार आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका लष्करी विमानतळावर माझा जन्म झाला. तिथे काचेच्या खोलीचा टेहळणी मनोरा होता, छताला लाकडी कैच्यांचा आधार असलेला, विमाने ठेवायचा उंच हँगर होता, आणि वैमानिकांना झोपायला आम्ही अर्धगोल बराकी. भिंत आणि छप्पर एकच, त्यामुळे वारा आमच्यावरून घसरून जायचा. अशाच बराकी विलायतेतल्या आणि ब्रह्मदेशातल्या तळांवरही उभ्या राहिल्या होत्या.

लढाई संपल्यावर तिथे मजुरी करणाऱ्या सोनबाने मला लिलावात घेतले आणि पोलादपूरजवळच्या आपल्या वाडीत आणून जोडले. घाईत त्याने चार पत्रे उलटे बसवले. वरच्याची कड खालच्याच्या आत गेली, आणि तेवढ्याच जागी मी गळते. पुढे माझ्यात शाळा भरली, लग्नांच्या पंगती बसल्या. तेव्हा माझे कोण कौतुक होते! आता मी म्हणे उपड्या पिंपासारखी दिसते.

हे म्हणाला यशराज, वाडीच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी. मंडळाला माझ्या जागी घुमटाचे सभागृह हवे आहे. सोनबाची पणती समीक्षा कॉलेजात शिकते. तिने सभेत मोबाइलवर विलायतेतल्या बराकी दाखवल्या, रंग देऊन जपलेल्या, लोक मुद्दाम बघायला जातात अशा. यशराजने फोटो नीट बघितलेही नाहीत. ही गळते, एवढेच तो बोलला.

तेव्हा सोनबाची म्हातारी सून साळूबाई उठली आणि यशराजला म्हणाली,

"कशेडी घाटाच्या अंगाला दरड आली तवा गावी आलेली तुजी पोरं हितंच निजली ना रे? नऊ दिस निजली. चार पत्रं फिरवून बसवायचं, त्याला कापायचं कशाला?"

तरी मला कापायचेच ठरले. दुसऱ्या दिवशी माझ्या अंगावर कापण्यासाठी खडूच्या रेघा आल्या.

मला चीड येते ती याची. दरडीच्या त्या वादळी पावसात वाडीतली सपाट छपरे उडाली, माझा एक नट हलला नाही. गळत्या जागी चार पातेली ठेवून अख्खी वाडी माझ्या पोटात राहिली. चूक जोडणाऱ्याची, आणि शिक्षा मला?

मित्रांनो, मला हार नको, पाटी नको. त्या नऊ दिवसांत जे माझ्या छपराखाली होते, त्यांनी सोमवारच्या आत यावे. यशराजच्या मुलांनीही यावे. नट सोडवायचा पाना समीक्षाकडे आहे, आणि पत्रे चारच आहेत.